बायोलॉजी नाही, तरी मेंदूवर पीएचडी?

घणसोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सीजीपीए ८.४. तिला कॉम्प्युटेशनल कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये अमेरिकेत पीएचडी करायची आहे आणि अर्ज याच डिसेंबरात भरायचे आहेत. बारावीला बायोलॉजी नव्हती. बाबांचं म्हणणं, ऐरोलीत आयटीची नोकरी मिळतेय ती घे.

ताई, बायोलॉजीची काळजी सोडा. मेंदू निर्णय कसा घेतो, लक्षात कसं ठेवतो, याची गणिती मॉडेलं बांधायची, असा हा विषय आहे. न्यूरॉनची, म्हणजे मेंदूतल्या पेशींची, तोंडओळख पुढेही होते. लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी आणि पायथन मात्र पक्कं लागतं. मुलीकडे कमी आहे ती वेगळीच गोष्ट: प्रश्नापासून निष्कर्षापर्यंत स्वतः तडीस नेलेलं एक काम.

ते छोटं असलं तरी चालेल. दोन बटणांचा खेळ घ्या: एक १०० पैकी ७० वेळा बक्षीस देतं, दुसरं ३० वेळा, आणि मधेच अदलाबदल होते. खेळणारा दर फेरीला अपेक्षा सुधारतो: नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + अल्फा × (मिळालेलं − अपेक्षित). रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली मांडलेला हा नियम. अल्फा म्हणजे शिकण्याचा वेग. बीटा म्हणजे जास्त अपेक्षेचं बटण किती ठामपणे निवडलं जातं.

बहुतेक विद्यार्थी इथेच फसतात. खऱ्या माणसांच्या डेटावर मॉडेल बसवतात, म्हणजे त्यांच्या निवडींशी जुळणारे अल्फा-बीटा संगणकाकडून शोधून घेतात, आणि अल्फा ०.४१ आला की खूश. आधी अल्फा-बीटा स्वतः ठरवून १०० खोटे खेळाडू संगणकावर खेळवावेत आणि त्यांच्या निवडींवरून तेच आकडे परत मिळतात का ते पाहावं. ४० फेऱ्यांत बहुधा मिळत नाहीत, २०० घ्याव्यात. बीटा फार लहान असेल तर निवड नाणेफेकीसारखी होते आणि अल्फा काहीही असला तरी डेटा तसाच दिसतो. अल्फा-बीटाचा शोध निदान दहा वेगवेगळ्या आकड्यांपासून सुरू करावा, नाहीतर तो जवळच्याच बऱ्यापैकी उत्तरावर अडकतो आणि सगळ्यात चांगलं राहून जातं. आडव्या अक्षावर खरा अल्फा, उभ्यावर परत मिळालेला, आणि ठिपके कुठे विखुरले याचं दोन ओळींत कारण: हा एक आलेख ऑनलाइन सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यापेक्षा मोलाचा आहे. ‘लहानपणापासून मेंदूचं कुतूहल’ हे वाक्य स्टेटमेंट ऑफ पर्पजमधून (अर्जासोबतच्या, पीएचडी का करायची ते सांगणाऱ्या निबंधातून) काढून टाकावं आणि तिथे हे काम लिहावं.

आता शिफारसपत्रं. ती तीन लागतात. ‘हुशार आणि वक्तशीर आहे’ असं वर्गातले सर लिहितील, त्याने फारसं काही होत नाही. चूक सापडल्यावर मुलीने काय केलं, हे ज्याने पाहिलं त्याचं पत्र हवं. जुलै ते डिसेंबर एवढ्यात अशी तीन पत्रं जमत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत: या डिसेंबरात अर्ज नको. पदवीनंतर एक वर्ष एखाद्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काढावं आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात अर्ज भरावेत. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत न्यूरोसायन्सचे गट आहेत. घणसोलीहून वाशीला गाडी बदलून सीएसएमटी, तिथून बस. प्राध्यापकांना ईमेल १५० शब्दांचाच, त्यांचा एक पेपर नीट वाचून, त्यातला एक खरा प्रश्न विचारून. एकच मजकूर ४० जणांना धाडला तर उत्तर येत नाही.

सोबत गेट ही इंजिनिअरिंगनंतरची प्रवेश परीक्षा द्यायला सांगा. गुण तीन वर्षं चालतात आणि देशातली दारं उघडी राहतात: बंगळुरूच्या आयआयएससीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स, मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), आयआयटी कानपूरचा कॉग्निटिव्ह सायन्स विभाग. कुठे कोणता पेपर चालतो ते त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावं.

पैशांचं बाबांना सांगा. अमेरिकेत या विषयाच्या पीएचडीला सहसा फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. त्यासाठी कर्ज काढू नका, एजंटही नको. अर्जाची फी मात्र बऱ्याच ठिकाणी शंभर डॉलरच्या आसपास असते, म्हणून माफीची विनंती आधीच करावी. भारतात जेआरएफचा, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या सरकारी फेलोशिपचा, दर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. आयटीतल्या पगाराएवढी वाढ इथे होत नाही, हे घरात आधीच बोलून घ्या.

प्रयोगशाळेत जागा मिळेपर्यंत ऐरोलीची नोकरी करायला हरकत नाही. तो आलेख मात्र गणपतीपर्यंत तयार व्हायला हवा. ईमेलसोबत तोच जोडायचा आहे.