पूल हलतो म्हणजे पडतो का?

प्रश्न : मुलाच्या पदवीदानाला आयर्लंडला गेले होते. लिमरिक विद्यापीठाच्या आवारात शॅनन नदीवर फक्त चालणाऱ्यांसाठी पूल आहे. मधोमध पोचल्यावर पायाखाली थरथर जाणवली. मुलगा हसला, मी मात्र कठडा सोडला नाही. इतका नवा पूल हलतो कसा? आपला पंचगंगेवरचा जुना शिवाजी पूल चालताना कधी हललेला आठवत नाही.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, त्यात लाजायचं काय? उभी नोकरी पुलांच्या कामावर गेली, तरी माझाही हात आधी कठड्याकडंच जातो.

शिवाजी पूल दगडी कमानींचा. त्याच्या वजनापुढं तुम्ही-आम्ही म्हणजे हत्तीवरची माशी. लिमरिकचा 'लिव्हिंग ब्रिज' २००७ सालचा, साडेतीनशे मीटर लांब, वळणदार, पोलादी दोर पायाखालच्या बाजूनं ताणलेले. अंगानं सडपातळ. अशा पुलाला माणसाचं पाऊल कळतं.

गंगावेशीतनं कट्ट्यावरचं दूध किटलीत घेऊन घरी या. झाकण नको. एका ठरावीक चालीत दूध उसळून हातावर येतं; चाल जरा बदलली की गप्प. दुधाची स्वतःची लय असते, पावलांची लय तिच्याशी जुळली की सांडलंच. पुलाचं तेच. आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. डावं पाऊल एका बाजूला रेटतं, उजवं दुसऱ्या, म्हणजे आडवा हेलकावा सेकंदाला एक.

लंडनचा मिलेनियम ब्रिज इथंच फसला. १० जून २००० ला खुला झाला आणि दोन दिवसांत बंद. पूल किंचित झुलला, लोक तोल सावरायला पाय फाकून चालू लागले, पावलं नकळत जुळली आणि झोका वाढतच गेला. मोठमोठ्या इंजिनिअरांच्या हिशेबातनं माणसाची ही सवय सुटली होती! मग सुमारे नव्वद डॅम्पर, म्हणजे झोका जिरवणारी साधनं, बसवले. काही मोटारीच्या शॉकअब्सॉर्बरच्या जातीचे, काही म्हणजे स्प्रिंगवरची वजनं, पुलाच्या उलट डोलणारी. २००२ मध्ये लोक पुन्हा चालू लागले.

तेव्हा थरथर आली आणि विरली, तर घाबरू नका. नवी भेग, सांध्यात वाढलेली फट, गंजाचे ओघळ दिसले तर मात्र कळवायचं. आणि मुलाला सांगा, हसू नकोस, आईनं बरोब्बर ओळखलं होतं.