पक्षाशी निष्ठा आणि हवामान बदलाबद्दल वेगळं मत, हे एकत्र जमतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत माणूस कुठल्या पक्षाचा हे कळलं की हवामान बदलावर तो काय बोलणार ते आधीच सांगता येतं, तसं आपल्याकडे आहे का. आणि पक्षाचं काम करूनही या विषयात पक्षापेक्षा वेगळं मत असलेलं कोणी इथे आहे का.

आहे, मी आहे. सांगलीत पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. एका पक्षाचं काम वडिलांपासून घरात आहे, निवडणुकीला बूथवर बसतो. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं की पुढचं सगळं तुम्ही त्या नावाच्या चष्म्यातून वाचाल. (तसंही हल्ली आमच्याकडे नुसतं पक्षाचं नाव सांगून भागत नाही, कुठला गट तेही सांगावं लागतं.)

दुकानाच्या मागच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. पहिली 2005 ची. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आधी पेन्सिलीने मारली, मग ऑइलपेंटने गिरवली. त्या साली आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही त्या रेघेच्या दीड फूट वर फळ्या ठोकल्या आणि सगळा माल वर घेतला. आण्णा निर्धास्त होते. पाच सालच्या वर पाणी जात नसतं, असं त्यांनी शेजारच्या तिघाचौघांनाही सांगितलं. पाणी 57 फुटांच्याही वर गेलं.

आठवड्याने शटर उघडलं तेव्हा पहिल्यांदा वास आला, मग दिसायला लागलं. वह्यांचे गठ्ठे पाणी पिऊन फुगले होते आणि रॅकमध्ये असे काही गच्च बसले होते की पट्ट्या बाहेरच्या बाजूला वाकल्या होत्या. एक गठ्ठा काढायला आम्ही दोघे जण, पाय भिंतीला लावून. बाहेर आला तो लगदाच. जूनचा सीझन होऊन गेला होता म्हणून निभावलं. शेजारच्या कापडवाल्याचा दिवाळीचा माल होता.

दुसरी रेघ 2019 ची. तिसरी 2021 ची, ती या दोन्हींच्या मधे.

2019 ला राज्यात सरकार दुसऱ्यांचं होतं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी रोज लिहीत होतो: कोयना धरणाचं पाणी वेळेत सोडलं नाही, कर्नाटकशी बोलायला कोणी गेलं नाही, हा पूर माणसांनी आणलाय. माझे दाजी तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, त्या दुसऱ्या पक्षाचे. ते उत्तर द्यायचे की आता हवामानच बदललंय, एवढा पाऊस कोसळल्यावर सरकार काय करणार. 2021 ला सरकार आमचं. (एवढ्यावरून हिशोब करणाऱ्याला माझा पक्ष साधारण कळेल. कळू दे.) 22 जुलैला महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी आल्या. मी तो 594 चा आकडा पाठ करून सगळ्यांना ऐकवत होतो. हवामान बदल म्हणतात तो हाच, यात सरकार काय करणार? आणि दाजी लिहीत होते की हवामान बदल हे नाकर्त्यांचं कारण आहे, धरणांचं नियोजन शून्य.

पुढच्या दिवाळीत भाची आली होती. कृषी महाविद्यालयात शिकते. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला, वरचं नाव बोटाने झाकून.

"मामा, हे तुम्ही लिहिलंय का बाबांनी?"

वाचलं. कोयनेचं पाणी, वेळेत, माणसांनी आणलेला पूर. म्हटलं, "तुझ्या बाबांनी. दुसरं कोण असलं लिहिणार?"

बोट काढलं. माझंच होतं, 2019 चं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे की आपल्याकडची तऱ्हा अमेरिकेपेक्षा वेगळी आहे. तिथे हवामान बदल मानणं हे डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलंय आणि न मानणं रिपब्लिकन पक्षाकडे. आपल्याकडे हवामान बदल हा सत्तेत असलेल्याचा वकील असतो. जो पक्ष सत्तेत, त्याच्या माणसांना हवामान बदल मनापासून पटतो. सत्ता गेली की तीच माणसं नियोजनाबद्दल बोलायला लागतात. 2022 ला सरकार पुन्हा पालटलं आणि आमच्या घरातही दोघे जण वकील बदलायला तयारच होते, फक्त भाचीच्या धाकाने गप्प बसलो.

दिल्लीच्या पातळीवर पाहिलं तर या विषयात पक्षापक्षांत फार अंतर नाहीच. 2008 साली मनमोहन सिंग सरकारने आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2021 ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत नरेंद्र मोदींनी 2070 पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेणं, जाहीर केलं. आमचं दरडोई उत्सर्जन थोडं आहे, आधी श्रीमंत देशांनी भार उचलावा, हे तर दोघांचंही म्हणणं. मोदींनीच 2014 च्या शिक्षक दिनी शाळेतल्या मुलांशी बोलताना हवामान नाही, आपण बदललोय अशा अर्थाचं काही सांगितलं होतं. त्यांच्या विरोधकांना 2014 तोंडपाठ आहे आणि समर्थकांना 2021. दुसरं साल कोणी काढत नाही.

अमेरिकेतही हे पहिल्यापासून असं नव्हतं. 1992 ला रिओच्या हवामान करारावर सही करणारे थोरले बुश रिपब्लिकनच. 2003 ला उत्सर्जनावर मर्यादा घालणारं विधेयक आणणाऱ्या दोघांपैकी जॉन मॅकेन रिपब्लिकन. मला तिथला सगळ्यात जवळचा वाटतो तो बॉब इंग्लिस, दक्षिण कॅरोलायनाचा माजी रिपब्लिकन खासदार. तो स्वतःच सांगतो की हवामान बदलाविषयी त्याला काही ठाऊक नव्हतं. डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर हा मुद्दा उचलून धरतात एवढं ठाऊक होतं, म्हणून हा विरोधात. मतदानाच्या वयात आलेल्या मुलाने टोकलं, बाबा, पर्यावरणाबाबत जरा सुधारा. माणूस सुधारला, आणि 2010 ला स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत सपाटून पडला. त्याला मुलाने धरलं, मला भाचीने. मला पाडायला तिकीटच नाही, एवढाच फरक.

आणि शिकलेली माणसं यातून सुटतात असं वाटत असेल तर तेही नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॅन कहान यांचा सहकाऱ्यांसोबतचा 2012 चा अभ्यास आहे. विज्ञान आणि आकडेमोड ज्यांना जास्त कळतं, त्यांच्यात हवामान बदलाच्या धोक्यावरून मतांची दरी कमी होण्याऐवजी जास्तच निघाली. मला नवल वाटलं नाही. आमच्या ग्रुपवर सगळ्यात कडवे दोघे आहेत ते निवृत्त इंजिनिअर. कोयना, वारणा आणि कर्नाटकातलं अलमट्टी, तिन्ही धरणांचे विसर्ग तासाच्या हिशोबाने पाठ. एक जण त्यातून राज्य सरकार दोषी काढतो, दुसरा त्याच आकड्यांतून निर्दोष सोडतो.

खरं म्हणजे पाऊसही खरा आणि नियोजनही खरं. कोयना धरण 105 टीएमसीचं. पावसाळा संपेपर्यंत ते भरायलाच हवं, वर्षभराची वीज आणि शेतीचं पाणी त्यावर. जुलैत रिकामं ठेवलं आणि ऑगस्ट कोरडा गेला तर दुष्काळी जत-आटपाडीकडची माणसं विचारणार, पाणी का सोडलं? भरत आणलं आणि मग चार दिवसांत ढग रिते झाले तर दार उघडण्यावाचून इलाज नाही. कऱ्हाडला कोयना कृष्णेत येते, हरिपूरला वारणा येते, आणि आम्ही मधे. पाऊस चार महिने सुखाने पडायचा तेव्हा हे गणित सुटत होतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा 2017 चा अभ्यास सांगतो की मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. म्हणजे धरण चालवायची जुनी रीत आता पुरणार नाही. ही दोन वाक्यं एकाच माणसाने बोलायची तर अर्धं वाक्य विरोधी पक्षाला द्यावं लागतं. घोडं अडतं ते तिथे.

अलमट्टीचं काय, असं सांगलीकर विचारणारच. कृष्णेवरच्या त्या धरणाने पाणी मागे तुंबतं आणि इथे पूर येतो, असं इथे म्हणतात. कर्नाटकला धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 वर न्यायची आहे आणि इथले सगळे पक्ष त्याच्या विरोधात आहेत. मीही आहे. पण 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 च्या अहवालात त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. नदीपात्रातली अतिक्रमणं तिने मांडली होती. हे पक्षाच्या बैठकीत काढून पाहा एकदा. अलमट्टी सोयीची आहे कारण तिथे आपले मतदार नाहीत.

पक्षाशी माझं बिनसलं ते इथेच. नदीकाठी दोन पूररेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकामाला बंदी. सांगलीत ओत म्हणून सखल भाग आहेत, पुराचं पाणी त्यांत पसरायचं आणि दमाने उतरायचं. तिथे मुरमाचे डंपर ओतून प्लॉट पडले. वॉर्डाच्या बैठकीत मी विचारलं, आपण अलमट्टीच्या मोर्चाला जाणार आहोत तर या भरावाबद्दलही एक निवेदन देऊ या का? कोणी रागावलं नाही. "हा विषय नंतर घेऊ," म्हणाले आणि चहा आला. चहा पिताना एकाने खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "दुसरीकडं जायचं चाललंय काय?" दुसरीकडे गेलो असतो तरी काय? दाजींनी त्यांच्या पक्षात तोच प्रश्न काढला होता, तिथेही चहाच आला.

त्यांची गंमत वेगळीच आहे. चौकात बसले की हवामान बदल म्हणजे थंड खोलीत बसणाऱ्यांचे उद्योग. बागेत मात्र ऑक्टोबर छाटणी एका दमात घेत नाहीत. अर्धी बाग आधी, अर्धी पंधरा दिवसांनी, म्हणजे फुलोऱ्यात पाऊस आलाच तर सगळीच सापडायची नाही. एका नोव्हेंबरात मी तिथे होतो. पहाटे पाऊस उघडला आणि हे बॅटरी घेऊन वेलीखाली. एक घड तळहातावर घेतला, पान उलटं करून पाहिलं. पांढरी बुरशी धरायला लागली होती, दावण्या. मला म्हणाले, "पूर्वी या दिवसांत आम्ही गार वाऱ्याला भ्यायचो. पावसाला न्हाय." मग ब्लोअर जोडायला गेले. तेवढ्यात पक्षाच्या कार्यक्रमाला माणसं पाठवा म्हणून फोन आला, तर "पाठवतो की" म्हणाले.

तर जमतं का? मी पक्ष सोडलेला नाही. लग्नकार्य, दवाखाना, मुलाचं ॲडमिशन, सगळ्याला तीच माणसं धावून येतात, आणि माझं मतही बऱ्याच बाबतींत तिकडचंच आहे. बूथवर बसतो. फक्त पुरावरच्या पक्षाच्या पोस्ट पुढे पाठवणं बंद केलंय, त्यामुळे ग्रुपवर मला थंड कार्यकर्ता म्हणतात. फळ्या आता 2019 च्या रेघेवर तीन फूट आहेत, शिडीशिवाय हात पोचत नाही. ड्रिल घेऊन ठोकायला दाजीच आले होते.

आता जुलैत संततधार लागली की त्यांचा फोन येतो. पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" दुसरा, "माल वर घेतला काय?" तिसऱ्याला ते सरकारवर येतात, पण तोवर मी शिडीवर असतो.