नाताळच्या गोठ्यातली हिरवळ कधी आणि कशी पेरावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गेल्या वर्षी वाड्यावरच्या, म्हणजे तुमच्या वस्तीतल्या, गोठ्यासाठी (येशूजन्माच्या देखाव्यासाठी) गहू पेरलात, तो नाताळ यायच्या आतच पिवळा पडून आडवा झाला. यंदा एका व्हिडिओत ‘४ डिसेंबरला पेरा’ असं ऐकलंत. ते खरं का, आणि ही पद्धत नक्की कुठली?

गहू नको, नाचणी पेरा. आणि ४ तारखेला नाही, १२ किंवा १३ डिसेंबरला पेरा.

४ डिसेंबर ही फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या प्रोव्हान्स भागातली तारीख. त्या दिवशी संत बार्बराचा सण असतो. तीन बशांत ओला कापूस पसरून त्यावर गहू किंवा मसूर टाकतात. रोप सरळ आणि हिरवंगार आलं तर पुढचं वर्ष भरभराटीचं, असा समज. २४ तारखेच्या रात्री या बशा जेवणाच्या टेबलावर आणि नंतर गोठ्याजवळ ठेवतात. बार्बरा आणि गहू यांची सांगड लेबनॉनमधल्या आख्यायिकेत छान सापडते. बापाच्या तावडीतून पळताना ती नुकत्याच पेरलेल्या शेतातून गेली आणि तिच्या मागे गहू क्षणात वाढून पाऊलखुणा झाकल्या गेल्या. म्हणून तिकडे त्या सणाला उकडलेल्या गव्हात साखर, बडीशेप आणि डाळिंबाचे दाणे घालून गोड पदार्थ करतात. क्रोएशिया आणि हंगेरीत पेरणी १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी होते. क्रोएशियात वाढलेल्या गव्हाला रिबीन बांधून मधोमध मेणबत्ती लावतात. पोर्तुगालच्या आल्गार्व्ह आणि मदैरात तर पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करून वर बाळ येशू आणि भोवती या अंकुरांच्या वाट्या व फळं ठेवतात.

या सगळ्यांत आणि आपल्यात एक फरक आहे, तो लक्षात घेतला की तारखेचा घोळ सुटतो. तिकडचं गवत हा शकुन असतो. ते वाटीत वीतभर वाढलं तर उलट आनंदच. गोव्यातल्या गोठ्यात ते शेत म्हणून लावतात, त्यामुळे उंची मापात हवी. मेंढरू तीन इंचांचं आणि गवत सहा इंचांचं, म्हणजे मेंढरू गायब. आपल्या हवेत गहू आठ-नऊ दिवसांत चार-पाच इंच होतो आणि पातंही रुंद असतं. नाचणी तेवढ्या उंचीला जात नाही. दहा-बारा दिवसांत दोन-अडीच इंच, पातं बारीक, लांबून थेट भाताचा तरवा वाटतो.

बी साधी अख्खी नाचणी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली चालेल, घरातली चालेल. फक्त सत्त्वासाठी मोड आणून वाळवलेली किंवा भाजलेली नको, ती उगवणार नाही. जुनी असेल तर आधी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. तीन दिवसांत पंधराच्या खाली फुटले तर दुसरी आणा.

एक फूट लांब-रुंद ट्रेला वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे पुरतात. दाट हवी म्हणून मूठभर टाकाल तर बुरशी धरते. रात्रभर भिजवा, निथळून फडक्यात बांधून एक दिवस ठेवा, पांढरं टोक दिसलं की पेरा. नुसती लाल माती वापरू नका. पाणी पडून सुकली की तिचा पापुद्रा होतो आणि नाचणीचा नाजूक कोंब तो फोडू शकत नाही. दोन वाटे चाळलेली लाल माती, एक वाटा रेती, एक वाटा जुनं चाळलेलं शेणखत, दीड इंच जाड थर. ट्रेला भोकं हवीतच. वरून माती चाळणीने भुरभुरायची, दाणा जेमतेम झाकेल इतकीच.

वर ओलं सुती फडकं दोन दिवस. हिरवं-पांढरं टोक वर आलं की त्याच संध्याकाळी फडकं काढा. तुमचं गवत पिवळं पडून लोळलं ते बहुधा इथेच : जास्त दिवस झाकलं किंवा आतल्या खोलीत ठेवलं. नवरात्रातलं रुजवण देवघराच्या अंधारात वाढून पिवळसर येतं, तिथे ते चालतं. गोठ्याला नाही चालत. ट्रे व्हरांड्यात सकाळचं तीन-चार तास ऊन मिळेल असा ठेवा आणि रोज फिरवा, नाहीतर सगळं एका बाजूला झुकतं. पाणी फवाऱ्यानेच. तांब्याने ओतलंत की बी कोपऱ्यात गोळा होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसली म्हणून घाबरून ट्रे फेकू नका. पाणी फवारल्यावर दिसेनाशी झाली तर ती मुळांचीच लव. जाळ्यासारखी दाण्यांवर पसरली आणि कुबट वास आला तर बुरशी. तेवढा भाग चमच्याने उचलून टाका आणि पाणी कमी करा. मुंग्या नाचणी अक्षरशः वाहून नेतात. चार वाट्यांत पाणी भरून, मधे दगड ठेवून त्यावर ट्रे टेकवा. कोंबड्या असतील तर वर जाळी हवीच.

गोठ्यात २३ तारखेला मांडा. खाली प्लॅस्टिक घाला आणि ट्रेच्या कडा मातीचे बांध घालून झाका. दिव्यांची माळ एलईडीची घ्या. जुन्या बल्बांच्या उष्णतेने पात्यांची टोकं करपतात. वायरचा जोड ओल्या मातीला टेकता कामा नये, तो बांबूला उंच बांधा, विशेषतः मुलं हात घालणार असतील तर.

गोठा तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत ठेवायचा असेल तर पहिली पेरणी तेवढी टिकणार नाही. सावलीत आठवड्याभरात ती माना टाकते. २१ डिसेंबरला दुसरा ट्रे पेरून ठेवा आणि नव्या वर्षाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी बदला. काढलेलं गवत गाईला घालता येतं, माती कुंडीला.