‘ऑस्पिशस’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उगम काय?

‘ऑस्पिशस’ म्हणजे शुभ, शुभशकुनी. मुळात मात्र या शब्दात शुभही नाही आणि अशुभही नाही. आहे ते फक्त पक्षी पाहणं. लॅटिनमध्ये ‘आविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं. पक्षी पाहून देवांचा कौल सांगणारा तो ‘औस्पेक्स’.

प्राचीन रोममध्ये हे राज्यकारभाराचंच अंग होतं. निवडणूक, सभा, लढाई, काहीही करण्याआधी आकाशाचा एक भाग नजरेने आखून घ्यायचा आणि तिथे कोणते पक्षी येतात ते बघायचं. गरुड आणि गिधाडाचं उडणं महत्त्वाचं, तर कावळा आणि घुबडाचा आवाज. मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की रोमन लोक यातून भविष्य विचारतच नव्हते. आज हे काम करू का, एवढीच परवानगी मागायची. नकार आला तर तो त्या दिवसापुरता. उद्या पुन्हा विचारता येई.

सैन्याबरोबर तर पवित्र कोंबड्या असत. त्या दाण्यांवर तुटून पडल्या की कौल मिळाला. इ.स.पू. 249 मध्ये सिसिलीजवळ द्रेपाना इथे कोंबड्या दाणे टिपेनात, तेव्हा सेनापती क्लॉडियस पुल्खरने ‘खात नाहीत तर पिऊ देत’ म्हणून त्या समुद्रात फेकायला लावल्या, असं सिसेरोने लिहिलंय. त्या लढाईत रोमची 93 जहाजं कार्थेजच्या हाती लागली.

हा कौल घेण्याचा अधिकार सरसेनापतीचा. हाताखालचा कुणी लढला तरी युद्ध सरसेनापतीच्या ‘ऑस्पिसेस’खाली, म्हणजे त्याने घेतलेल्या कौलाखाली, झालं असं म्हणत. त्यावरूनच इंग्रजीत ‘ऑस्पिसेस’ला आश्रय, छत्र हा अर्थ आला. कार्यक्रमपत्रिकेत आपण ‘यांच्या संयुक्त विद्यमाने’ लिहितो, तिथे इंग्रजीत हाच शब्द असतो.

आणि आपला ‘शकुन’? संस्कृतात त्याचाही एक अर्थ पक्षीच. पक्ष्यांनी सांभाळलेली म्हणून शकुंतला. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातली शेवटची दोन सूक्तं शकुन सांगणाऱ्या पक्ष्याला उद्देशून आहेत. भारद्वाज दिसला की आपल्याकडे अजूनही बरं वाटतं, टिटवी रात्री ओरडली की घरातली म्हातारी माणसं अस्वस्थ होतात. ‘शकुन’ हा शब्द लॅटिनचा नातलग नाही, पण ‘औस्पेक्स’चे दोन्ही तुकडे मात्र आपल्या भाऊबंदांतले आहेत: ‘आविस’ला संस्कृतात ‘वि’ म्हणजे पक्षी, आणि ‘स्पेकेरे’ला ‘पश्यति’.