सोनोग्राफीत सारखं ‘श्वास रोखा’ का म्हणतात, हललेलं चित्र मशीन स्वतः नीट करत नाही का?

करतं, पण अर्धवटच, म्हणून तर श्वास रोखायला लावतात. मी पुण्यातच डॉक्टरांना ही मशिन्स वापरायला शिकवतो त्यामुळे रोज बघतो. चित्र फोटोसारखं एका झटक्यात निघत नाही, रेघ रेघ करून भरतं, प्रत्येक रेघेसाठी मशीन आवाज आत सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतं, आवाज शरीरात सेकंदाला साधारण 1540 मीटर जातो म्हणजे 15 सेंटिमीटर आत जाऊन परत यायला 0.2 मिलिसेकंद, अशा 128 रेघा धरल्या की एक फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, 25 मिलिसेकंदांची. तेवढ्यात लिव्हर फारसं सरकत नाही, पण कंपाउंडिंग चालू असेल तर वेगवेगळ्या कोनांतल्या फ्रेम एकमेकांवर बसवून सरासरी काढतात, आणि मग पित्ताशयाची भिंत पुसट, जाड दिसायला लागते. सॉफ्टवेअर दोन फ्रेममधले बारीक ठिपके जुळवून किती सरकलं ते काढतं आणि तेवढं मागे आणतं, हे खरंच छान जमतं. फक्त प्रोब (अंगावर फिरवतात तो भाग) आडवा धरलेला असेल तर श्वासाबरोबर लिव्हर वर-खाली होऊन चित्रात दिसणाऱ्या पातळ कापातून बाहेरच जातं, जुळवायला तेच ठिपके उरत नाहीत. हृदयाला थांब म्हणता येत नाही, तिथे सेक्टर, म्हणजे चित्राचा पंख्यासारखा भाग, अरुंद करतात, खोली कमी करतात म्हणजे फ्रेम भराभर येतात.