ज्या देशात शिकवलं, त्याचं देणं

या महिन्याच्या पत्रांपैकी तीन एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती एकत्र घेते. परदेशी शिकवायला गेलेल्या किंवा निघालेल्या नाशिककरांची ही पत्रं आहेत. नाशिकच्या महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर मी इथिओपियात, बहिर दारच्या विद्यापीठात काही वर्षं गणित शिकवलं. त्या अनुभवातूनच उत्तरं देते आहे, त्यामुळे ती जरा लांबतील.

प्रश्न : मी मूळची सिडकोतली. गेली काही वर्षं मालदीवच्या एका लहान बेटावर आठवी ते दहावीला गणित शिकवते. बेट एवढंसं की या टोकाहून त्या टोकाला चालत जायला अर्धा तासही लागत नाही. मी मासे खात नाही, म्हणून रमझानमध्ये शेजारीण रोज संध्याकाळी माझ्यासाठी नारळ घालून वेगळं काहीतरी करून पाठवते. तापाने आडवी झाले तेव्हा दहावीच्या मुलींच्या आया पाळीपाळीने उशाशी बसल्या. आता करार संपतोय. नाशिकला चांगल्या शाळेत नोकरी मिळते आहे, सासूबाई थकल्यात, मुलगा पाचवीत आहे आणि त्याला आई दिसते ती फक्त व्हिडिओ कॉलवर. इथले पालक म्हणतात, "मिस, जाऊ नका." भाऊ म्हणतो, "तू काम केलंस, त्यांनी पगार दिला, फिटंफाट." मला ते पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. या देशाचं माझ्यावर खरंच काही ऋण आहे का? असलं तर ते फेडायला इथेच राहायला हवं का?

उत्तर : ताई, सोपं आहे ते आधी सांगते. परत या. मुलाला तुमची गरज आहे आणि त्या गरजेपुढे दुसरं कुठलंही ऋण आडवं येऊ देऊ नका. दहावीच्या मुलांची ओ लेव्हलची परीक्षा होईपर्यंत थांबता आलं तर थांबा, कारण परीक्षेच्या तोंडावर शिक्षक बदलला की नुकसान मुलांचं होतं. त्यापलीकडे राहण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

पण फिटंफाट झालेली नाही. भाऊ पगाराचाच हिशेब धरतो आहे ना? मग तोच आधी पाहू. बहिर दारला मला डॉलरमध्ये पगार होता. शेजारच्या वर्गात तोच विषय शिकवणाऱ्या इथिओपियन सहकाऱ्याला बिरमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, माझ्या कितीतरी पट कमी. तासिका सारख्याच, पेपर तपासायचे गठ्ठेही तेवढेच. २ एप्रिल २०११ ला तिथे नील नदीवरच्या मोठ्या धरणाची पायाभरणी झाली. ही नील म्हणजे ताना सरोवरातून निघणारी, तिकडे तिला अबाय म्हणतात, आणि बहिर दार त्या सरोवराच्या काठावरच वसलेलं आहे. धरणासाठी सरकारी नोकरांनी एकेका महिन्याचा पगार हप्त्याहप्त्याने दिला. विद्यापीठातले शिक्षक सरकारी नोकरच. माझे सहकारी त्या तुटपुंज्या पगारातून हप्ते भरत होते, आणि माझे डॉलर गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या कर्जात जात होते. मी काही गैर करत नव्हते, करारात होतं तेच घेत होते. तरी आमच्या दोघांच्या पगारात जी तफावत होती, ती त्यांचा देश सोसत होता, हे मला रोज दिसत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या धरणाचं उद्घाटन झालं. टीव्हीवर ते पाहताना मला त्या सगळ्यांचे चेहरे आठवले. (धरणाखालच्या देशांशी त्याचा वाद आहेच. जायकवाडीचं पाणी दर दुष्काळात पाहणाऱ्या नाशिककरांना असा वाद समजावून सांगायला नको.)

तर देणं आहे. कशाचं, ते सांगते.

तिथे गेल्यावर एक गोष्ट वारंवार घडायची. बँकेत, पोस्टात, बसमध्ये एखादे पिकल्या केसांचे गृहस्थ विचारायचे, "भारतातून का?" आणि हो म्हटलं की सांगायचे, "मला गणित भारतीय सरांनी शिकवलं." एकदा बँकेतले एक अधिकारी हे सांगताना खुर्चीतून उठून उभे राहिले. मला सुरुवातीला अभिमान वाटायचा. पुढे तो इतिहास वाचला, तेव्हा कळलं की आपली माणसं तिथे का लागली. इटलीने १९३६ ते १९४१ हा देश बळकावला होता. फेब्रुवारी १९३७ मध्ये अदिस अबाबात इटालियन व्हाइसरॉय ग्राझियानीवर बॉम्ब टाकले गेले. त्याचा सूड म्हणून शहरात कत्तल झाली आणि शिकलेसवरलेले तरुण हुडकून मारले गेले. देश मोकळा झाल्यावर सम्राट हैले सेलासींनी शाळा उभ्या करायला घेतल्या, तेव्हा शिकवणार कोण, हाच प्रश्न होता. भारतातून शिक्षक गेले, केरळातून तर फार मोठ्या संख्येने. १९७४ मध्ये सम्राटांची सत्ता गेली. नंतरच्या लष्करी राजवटीने १९७७-७८ च्या 'लाल दहशती'त पुन्हा विद्यार्थी मारले, शिक्षक मारले, आणि वाचलेल्यांपैकी कितीतरी देश सोडून गेले. २००० नंतर नवी विद्यापीठं भराभर निघाली, शिक्षक पुन्हा कमी पडले, आणि त्या भरतीत माझ्यासारखे गेले.

म्हणजे मी ज्या जागेवर होते तिथे खरं तर कुणा इथिओपियन बाईने किंवा बुवाने असायला हवं होतं. ते घडू दिलं गेलं नाही, म्हणून ती जागा माझी झाली. माझ्या मते देणं ते हे: त्या जागेचा खरा धनी तयार व्हायला हातभार लावायचा आणि जाताना ती त्याच्या हाती द्यायची. मालदीवचा इतिहास वेगळा आहे. तिथे लोकवस्ती दोनशेच्या आसपास बेटांवर विखुरलेली, प्रत्येक बेटाला शाळा हवी, आणि गणित-विज्ञानाला स्थानिक शिक्षक पुरत नव्हते म्हणून बाहेरून बोलवावे लागले. पण तुम्ही बसलात ती जागाही त्यांचीच.

मी काय केलं ते सांगते, कारण नुसत्या तत्त्वाचा तुम्हाला उपयोग नाही. तिथे पदवीला वर आलेल्या मुलांना विद्यापीठ सहायक म्हणून ठेवून घेतं. माझ्या कॅल्क्युलसच्या वर्गाला असा एक अबोल तरुण होता. त्याचं काम उदाहरणांच्या तासिकेपुरतं. मुलं बहुतेक अशा शाळांमधून आलेली, जिथे गणित 'प्लाझ्मा'वर शिकवलं जायचं, म्हणजे उपग्रहावरून येणारे धडे वर्गातल्या टीव्हीवर. पडद्यावरचा शिक्षक कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे प्रश्न विचारायची सवयच मोडलेली. सीमेची, म्हणजे लिमिटची, व्याख्या फळ्यावर लिहिली की साठ माना खाली जायच्या आणि ती वहीत उतरायची, कळली नाही असं एकही पोर म्हणायचं नाही. त्या तरुणाला मी व्याख्यानालाच बसवायला लागले. अर्ध्या तासाने मी थांबायचे आणि तो अम्हारिकमध्ये वर्गाला विचारायचा, कुठे अडलं? हात वर यायला लागले. पुढच्या सत्रात आठवड्यातली एक व्याख्यानाची तासिका त्याची झाली आणि मी मागच्या बाकावर बसू लागले. तास झाल्यावर आम्ही बुन्ना, म्हणजे तिथली कॉफी, घेत बोलायचो: कुठे घाई झाली, कुठलं उदाहरण आधी यायला हवं होतं. तो एमएस्सी करून आला त्या वर्षी माझा करार वाढवायची तयारी विद्यापीठाने दाखवली होती. मी विभागप्रमुखांना सांगितलं, हा विषय आता याला द्या. फ्लॅटचे हप्ते अजून संपले नव्हते, आणि घरी सगळ्यांना हा निर्णय पटला असंही नाही. तो आजही तो विषय शिकवतो, आणि त्याच्या हाताखालीही आता सहायक आहेत.

आपल्याकडेच पाहा ना. सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन मिशनरी बाई १८२७ मध्ये मुंबईला आली, पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तिने मुलींच्या शाळा चालवल्या आणि तिथेच तिचा शेवट झाला. तिच्या कामाचा अहवाल आज कोण वाचतं? पण सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण तिच्याकडे घेतलं असं चरित्रकार सांगतात, आणि त्या एका विद्यार्थिनीमुळे महाराष्ट्र फॅरारबाईंचं नाव घेतो. त्या धर्मप्रसारासाठी आल्या होत्या हे मी विसरत नाही. तरी ज्या मातीत शिकवलं तिथल्याच बाईला शिकवतं करून गेल्या, ही त्यांची फेड मी फार मोठी मानते.

तेव्हा ताई, उरलेल्या महिन्यांत एवढं करा. शाळेत स्थानिक सहकारी कोण आहे, लहान वर्गांना गणित शिकवणारी का असेना, तिला तुमच्या दहावीच्या तासाला बसवा. मुलं कुठल्या धड्यात कशी चुकतात याची वही तुमच्याकडे असेलच, ती तिच्यासोबत बसून दिवेहीत, म्हणजे तिथल्या भाषेत, लिहून काढा. जुन्या प्रश्नपत्रिका आणि तुम्ही केलेले सराव-संच शाळेच्या कपाटात ठेवा, घरी आणू नका. आणि गुण खरे द्या. निरोपाच्या वेळी हात सैल होतो, मुलं रडतात, आया मिठ्या मारतात, आणि चाळिसाचे पन्नास करावेसे वाटतात. ओ लेव्हलचे पेपर तपासणाऱ्याला ते प्रेम दिसणार नाही, मुलांची फसगत होईल.

राहिलं इथलं. देण्याचा काही भाग नाशिकला आल्यावर फेडायचा असतो. मी परत आल्यावर इंदिरानगरच्या एका महिला मंडळात बोलायला गेले, तर पहिला प्रश्न आला, "तिकडे खायला मिळायचं का हो?" इथिओपियातल्या १९८४ च्या दुष्काळाची चित्रं आपल्या डोळ्यांपुढून हटतच नाहीत. त्या बायकांचा काही दोष नाही, त्यांना दुसरं कुणी काही दाखवलंच नाही. मी सांगितलं की १८९६ मध्ये अडवा इथे याच लोकांनी इटलीच्या सैन्याला हरवलं. त्यांची स्वतःची लिपी आहे, तेरा महिन्यांचं पंचांग आहे, लालिबेलाला अखंड खडकातून कोरून काढलेली चर्चं आहेत. बुधवार-शुक्रवारचा त्यांचा उपास इतका कडक असतो की दूधतूपसुद्धा चालत नाही, आणि त्या दोन दिवशी माझी शाकाहारी माणसाची चंगळ असायची. सभा तासभर लांबली. तुम्हाला उलटा अनुभव येईल. लोक म्हणतील, मालदीव म्हणजे निळं पाणी आणि हनिमून. त्यांना त्या शेजारणीबद्दल सांगा. दहावीच्या मुलींबद्दल सांगा.

प्रश्न : माझा मुलगा टांझानियात शिक्षक आहे. त्याच्या शाळेला आमच्या कुटुंबातर्फे संगणक द्यावेत असं त्याच्या मनात आहे, आजोबांच्या नावाची पाटी लावून. मी महात्मानगरला राहतो, निवृत्त आहे, मदत करू शकतो. हे योग्य होईल का?

उत्तर : काका, हेतू चांगला आहे, पण आधी मुलाला मुख्याध्यापकांना विचारायला सांगा की त्यांना काय हवं आहे. आपण मनात ठरवून नेलेली वस्तू आणि त्यांची गरज यांचा मेळ बसेलच असं नाही. वीज किती तास असते? बिघडल्यावर दुरुस्ती कोण करणार? बहिर दारला ऐन परीक्षेत वीज जायची, आणि तेव्हा उपयोगाला यायचे ते छापील संच. त्यामुळे मी तरी पुस्तकं, कागद, प्रयोगशाळेचं सामान किंवा एखाद्या स्थानिक शिक्षकाच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च यांना आधी पसंती देईन. पैसे मुलाच्या हातून नव्हे, शाळेच्या खात्यात, पावती घेऊन जाऊ द्या. म्हणजे उद्या तो तिथून निघाला तरी गैरसमज राहणार नाही.

पाटी नको, असं मला मनापासून वाटतं. रोज वर्गात शिरताना मुलांनी परक्या माणसाचं नाव उपकारकर्ता म्हणून का वाचावं? आजोबांची आठवण घरात जपता येते.

प्रश्न : मी देवळाली कॅम्पचा, बीएड झालो आहे. मालदीवमध्ये विज्ञान शिक्षक म्हणून निवड झाली आहे, दोन महिन्यांनी निघायचं. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. तरी तिथली भाषा शिकायला हवी का?

उत्तर : हवीच, आणि आजपासून सुरुवात कर. तू शिकवशील इंग्रजीतून, पण मुलं एकमेकांना समजावतील दिवेहीतून, आणि ते समजावणं चुकतंय का हे तुला कळायला हवं. भाषा येईपर्यंत वेळ लागेल, लिपी मात्र निघण्यापूर्वी येऊ शकते. तिचं नाव थाना, मूळ अक्षरं चोवीस, उजवीकडून डावीकडे लिहायची, आणि स्वरांच्या खुणा अक्षरांच्या वर-खाली. तुला एक गंमत वाटेल: त्यातली पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घेतली आहेत.

या अंकातलं पहिलं पत्र लिहिणाऱ्या ताईंनी परवानगी दिली, तर त्यांचा पत्ता तुला कळवते. बेटावर काय मिळतं, काय मिळत नाही, हे त्या माझ्यापेक्षा नीट सांगतील. प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती दोन संच करून घे, आणि कराराची प्रत सही करण्यापूर्वी इथल्या एखाद्या वकिलाला दाखव.