"मॅडम, माझ्या निगेटिव्ह विचारांमुळेच मी सारखी आजारी पडते का?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो ना, म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

चाळिशीच्या आतबाहेरची बाई, दर तीन आठवड्यांनी सर्दी, घसा, कणकण. आल्याआल्या पर्समधून वही काढून माझ्यासमोर ठेवली. वाईट विचार आला की लाल पेनाने फुली, एकेका पानावर वीस-बावीस फुल्या. कोणीतरी सांगितलं होतं म्हणे की पॉझिटिव्ह राहिलं की इम्युनिटी वाढते, तर ही बिचारी दिवसभर स्वतःच्याच डोक्यावर पहारा देत बसलेली, आणि शिंक आली की परत अपराधी, की बघ, काल रडलीस ना!

पहिलं काम म्हणजे तिला डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. हे आधी व्हायलाच हवं, विचारांचं नंतर बघू.

मग घरचं विचारलं. सासूबाईंना दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश, त्या रात्री उठून दार उघडायला जातात त्यामुळे हिची झोप तुकड्यातुकड्यात, जेमतेम चार-पाच तास. बोलताना बोटावरची पट्टी सारखी चाचपत होती, सुरी लागून तीन आठवडे झाले तरी भरत नाही म्हणाली.

तेव्हा मी तिला 1995 चा एक अमेरिकेतला अभ्यास सांगितला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या बायका आणि त्यांच्याच वयाच्या इतर बायका, दोघींच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम मुद्दाम केली, तर सांभाळणाऱ्यांची भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे माझा स्वभाव नाही?"

नाही हो! 1991 मध्ये शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी 394 निरोगी लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले होते. सगळ्यात कमी ताणवाल्यांपैकी साधारण 27 टक्क्यांना सर्दी झाली, सगळ्यात जास्त ताणवाल्यांपैकी 47 टक्क्यांना. म्हणजे फरक पडतो, महिनोन्महिने ताण आणि अर्धवट झोप असली की कॉर्टिसॉलसारख्या, ताणाच्या वेळी शरीरात वाढणाऱ्या हार्मोन्सचं गणित बिघडतं आणि प्रतिकारशक्ती ढिली पडते, पण त्या जास्त ताणवाल्यांतही निम्म्याहून जास्त लोकांना सर्दी झालीच नाही हेही बघा की! आनंदी, निवांत स्वभावाच्या लोकांना सर्दी कमी होते असं कोहेन यांच्याच नंतरच्या अभ्यासात दिसलंय, पण ते निवांत असणं वेगळं आणि फुल्या मारून जबरदस्तीने हसणं वेगळं. आणि कॅन्सरच्या पेशंटला "तू पॉझिटिव्ह राहा, बरा होशील" म्हणणाऱ्यांचा तर मला रागच येतो, कारण आजार वाढला की तो माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

आम्ही विचारांना हातच लावला नाही. आठवड्यातून तीन रात्री नणंदेने सासूबाईंजवळ झोपायचं एवढंच ठरवलं, आणि ते मागायलाच हिला चार सेशन लागली, "त्यांना काय वाटेल" यातच अडकलेली.

दोन महिन्यांनी फोन आला, आवाज बसलेला. "मॅडम, परत सर्दी झालीये. पण वहीत नाही लिहिलं काही, नणंदेला बोलावलं आणि सरळ झोपले."